रोग्याचा देश आणि वैद्याचा प्रश्न : इस्लापूरच्या सीमाप्रदेशासंबंधानें कांहीं विचार

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्यांत हैदराबाद राज्याची वांटणी करितांना आदिलाबाद जिल्ह्यासंबंधानें एक लहानसें कलम घातलेलें आहे. जिल्हा आंध्राकडे जावा, मात्र त्यांतून राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यांतील इस्लापूर सर्कल एवढा भाग वगळावा, असा त्या कलमाचा आशय. यांपैकीं इस्लापूर आज नांदेड जिल्ह्यांत, किनवट तालुक्यांत मोडतें. एका सर्कलाचें नांव कायद्यांत स्वतंत्रपणें घालण्याची वेळ यावी, यावरूनच तेथील वस्तीची गुंतागुंत ध्यानांत येते. पैनगंगा जवळूनच वाहते. तिच्यावरील सहस्रकुंडाचा धबधबा प्रसिद्ध आहे. नदीपलीकडे वऱ्हाड. तें १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. अलीकडचा कांठ १९४८ पर्यंत निजामाच्या अमलांत राहिला. या कांठावर मराठी बोलणारे कुणबी व आंध, तांड्यांतून बंजारी, डोंगराच्या बाजूस गोंड व कोलाम, पूर्वेकडून आलेले तेलुगु लोक, आणि कचेरींत उर्दू. अशा ठिकाणीं आजारी माणूस वैद्यापुढें येऊन बसला म्हणजे वैद्यानें त्यास पहिल्यानें काय विचारावें, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

हा प्रश्न वैद्यकाचा आहे, संशोधकांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या संग्रहीं जुनीं बाडें आहेत, त्यांतील बहुतेकांच्या दप्तरांत एखाददुसरें वैद्यकाचें बाड असतेंच. त्यांत काढे, चूर्णें, लेप, मात्रा, मध्येंच एखादा मंत्र, कोठें मुहूर्त, कोठें उधारीचा आंकडा. आपण त्यांतील पाठ उतरून घेतों, औषधींचीं नांवें लावतों, फार तर लेखनकाल ठरवितों आणि बाड बांधून ठेवतों. त्या पाठाचा रोगी कोण होता, हें विचारण्याची आपल्यास संवय नाहीं. आणि गंमत अशी कीं, ज्या ग्रंथांवरून हे पाठ उतरले गेले, त्या ग्रंथकारांनींच अशा वाचनास दोष दिलेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, रोग्याचा देश वगैरे न जाणतां जो केवळ योगांवर भिस्त ठेवून चिकित्सा करितो, तो चुकतो. कारण वय, बल, शरीर यांचे भेद पुष्कळ आहेत. योग म्हणजे येथें औषधाचा पाठ. म्हणजे आपण जें जपून ठेवलें तें अर्धें, आणि तेंहि ग्रंथकारांच्या मतें धोक्याचें अर्धें.

आतां मूळ ग्रंथांतील प्रश्न पाहूं. चरकाच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत देशपरीक्षेचे दोन भाग केले आहेत : भूमि व आतुर. भूमीची परीक्षा कशासाठीं, तर एक औषधि ओळखण्यासाठीं आणि दुसरें रोगी ओळखण्यासाठीं. रोग्यासंबंधानें जी विचारणा करावयाची ती अशी : हा कोणत्या भूमींत जन्मला, कोठें वाढला, कोठें आजारी पडला, त्या भूमींतील माणसांचें खाणें काय, राहणी कशी, आचार कोणता, बल किती, मन कशा प्रकारचें, संवयीचें काय आहे, त्यांची आवड कशाकडे, तेथें रोग कोणते होतात, त्यांस मानवतें काय आणि बाधतें काय. जन्मस्थान, वाढण्याचें स्थान व आजारी पडण्याचें स्थान हीं तीन निरनिराळीं धरलीं आहेत, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. सासरीं आलेली मुलगी, कामासाठीं परमुलखांत गेलेला मजूर, दाण्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालणारा लमाण, या सर्वांचें उत्तर तिन्ही ठिकाणीं वेगळें येणार. एकाच गांवीं जन्मून, वाढून, तेथेंच आजारी पडणारा माणूस हा ग्रंथकारानें नियम धरलेला नाहीं.

या यादीच्या शेवटीं एक शब्द आहे, त्याकडे टीका वाचणारांनीं देखील फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. हें सर्व 'प्राय' म्हणून घ्यावयाचें, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे हें बहुधा असतें, नेमकें तसेंच असेल असें नाहीं. हा एक शब्द नसता तर ही सगळी विचारणा जातवार ठोकताळ्यांची यादी होऊन बसली असती. अमक्या मुलखाचा, म्हणून तो अमकें खातो, म्हणून त्यास अमकें द्यावें, एवढ्यावर काम संपलें असतें. ग्रंथकारानें तसें होऊं दिलें नाहीं. देशाच्या संवयीस देशसात्म्य म्हणतात, तशी एकेका माणसास दीर्घ अभ्यासानें जडलेली जी संवय तिला ओकसात्म्य असें वेगळें नांव दिलें आहे. पहिलें मुलखावरून तर्कानें कळतें; दुसरें त्या माणसास विचारल्याशिवाय कळत नाहीं. शिवाय सार, संहनन, प्रमाण, सत्त्व, आहारशक्ति, व्यायामशक्ति, वय इत्यादि दहा प्रकारांनीं रोग्याची परीक्षा सांगितली, ती सगळी एका माणसाची, जमातीची नव्हे.

सुश्रुतानें रोग जाणण्याचे सहा उपाय सांगितले : पांच इंद्रियें आणि सहावा प्रश्न. या प्रश्नानें जें जाणावयाचें त्यांत देश, काल, जाति, सात्म्य, दुखणें कसें उद्भवलें, वेदना कशी वाढली, बल व भूक यांचा समावेश केला आहे. वाग्भटानें हेंच आटोपशीर करून दर्शन, स्पर्शन व प्रश्न असे तीनच उपाय ठेवले. डोळ्यांनीं पाहणें व हातानें चाचपणें यांच्या बरोबरीनें विचारणें येतें. त्यांच्या खालीं नव्हे. ग्रीस देशांतील हिपोक्रातीसच्या नांवावर जे ग्रंथ चालतात, त्यांपैकीं हवा, पाणी व स्थळें यांवरील निबंधांतहि नव्या नगरांत आलेल्या वैद्यानें प्रथम तेथील वारा, पाणी व लोकांची राहणी पाहावी असें सांगितलें आहे. दोन्हींत साम्य आहे. मात्र चरकाची यादी गांवापासून निघून माणसाच्या आवडीपर्यंत जाते, हा तिचा विशेष.

चिकित्सास्थानाच्या त्याच शेवटच्या अध्यायांत निरनिराळ्या देशांच्या लोकांस काय मानवतें याची एक छोटी जंत्री आहे, आणि ती मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांस फार मोलाची वाटावी. बाल्हीक, पह्लव, चीन, यवन, शक यांस मांस व गहूं, पूर्वेकडील लोकांस मासे, सिंधूकडील लोकांस दूध, मलयवासीयांस कंदमुळें व फळें, दक्षिणेस पेज, मध्यदेशास जव, गहूं व गोरस, आणि अश्मक व अवंति येथील लोकांस तेल व आंबट. अश्मक हा गोदावरीकांठचा देश. त्याची राजधानी पोतन ती हल्लींचें बोधन, असें पुष्कळ विद्वान् मानतात. बोधन नांदेडच्या आग्नेयेस आहे. म्हणजे नांदेडच्या आसपासच्या लोकांच्या जेवणाविषयीं संस्कृत वैद्यकांत एक उल्लेख सांपडतो, आणि तो तेल व आंबट असा आहे. करडईचें व जवसाचें तेल, अंबाडीची भाजी, चिंचेचें सार, आंबील हें ज्यांच्या नित्याच्या जेवणांत, त्या वाचकांस हा उल्लेख वाचून हंसूं येईल.

तथापि येथें घाई करून चालणार नाहीं. हा अध्याय मूळ चरकाचा नसून दृढबलानें पूर्ण केलेल्या भागांतील आहे. दृढबल हा उत्तरेकडील पंचनदपुरचा. त्याचा काल सामान्यतः इसवी सनाचें चौथें-पांचवें शतक धरितात. त्यानें अश्मक देश डोळ्यांनीं पाहिला होता असें मानण्यास आधार नाहीं. शिवाय अश्मक व अवंति ही जोडी व्याकरणाच्या गणपाठांतहि जोडीनेंच येते. तेव्हां हें निरीक्षण नसून ठरीव भौगोलिक जोडीस लावलेलें विशेषण असण्याचा संभव आहे. आणि इस्लापूर हें तर गोदावरीच्या कांठापासून दूर, पैनगंगेच्या बाजूस; तें अश्मकांत पडत होतें असा दावा कोणी करूं नये. आमच्या मतें या जंत्रीचें महत्त्व तिच्यांतील माहितीपेक्षां तिच्या हेतूंत आहे. जंत्रीच्या लगेच पुढें असें सांगितलें आहे कीं, त्या त्या लोकांस त्यांच्या संवयीच्या पदार्थांशीं जोडून औषध द्यावें. संवयीचें लवकर बल देतें आणि थोडें अधिक झालें तरी फारसा अपाय करीत नाहीं. मग केवळ योगांवर विसंबणाऱ्या वैद्याचा दोष सांगितला आहे. म्हणजे ही जंत्री भूगोलाच्या हौसेनें घातलेली नाहीं. औषध कशांतून द्यावें हें ठरविण्यासाठीं घातलेली आहे.

देशाविषयीं आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकावी. वैद्यकांत भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद आहेत. जांगल म्हणजे उघडी, कोरडी, वाताधिक भूमि. मराठींत जंगल म्हणजे दाट अरण्य. शब्द एकच, अर्थ जवळजवळ उलटा. जुन्या बाडांत 'जांगल देशीं' असें आलें म्हणजे झाडीचा मुलूख समजून कित्येकांनीं अर्थ लावलेला आम्ही ऐकला आहे, तो चुकीचा. पण प्रकरण इतकें सोपेंहि नाहीं. चरकाच्या कल्पस्थानांत जांगल भूमीचीं म्हणून जीं झाडें दिलीं आहेत, त्यांत खैर, धावडा, सालई, टेंभुर्णी, आवळा हीं आहेत, आणि किनवटाकडील सागवानी रानांतून हींच झाडें फिरणारास भेटतात. तेव्हां इस्लापूरचें रान ग्रंथाच्या दृष्टीनें जांगल कीं काय, हें वैद्यांनीं ठरवावें. किनवट तालुक्यांतच उनकेश्वर येथें उष्णोदकाचे झरे आहेत, व त्वचेचे रोगी तेथें स्नानास येतात. तेंहि भूमीच्या या विचारांत धरिलें पाहिजे.

हा सर्व विचार मराठवाड्यांत परका नव्हता. देवगिरीच्या यादवांच्या काळीं या भागांत वैद्यकाचा जो अभ्यास झाला, त्यास तोड थोडी. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. ती मुंबईच्या निर्णयसागरानें अरुणदत्ताच्या टीकेबरोबर १९३९ सालीं छापली. संपादन हरिशास्त्री पराडकरांचें. हेमाद्रीचा आश्रित बोपदेव हा व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध, पण त्याचें घराणें वैद्याचें. त्याचा बाप केशव यानें सिद्धमंत्र लिहिला, बोपदेवानें त्यावर टीका केली, आणि शतश्लोकी हा औषधयोगांचा ग्रंथ स्वतः रचिला. सिंघण यादवाच्या पदरीं असलेला संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव यानें आपल्या ग्रंथाच्या आरंभीं गर्भ व शरीर यांचें वर्णन घातलें आहे. गाणें शिकविण्यापूर्वीं गाणाऱ्याचें शरीर सांगणारा हा ग्रंथकार आम्हांस विशेष आवडतो. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. आयुर्वेदरसायनाकडे इतिहासकारांनीं पाठच फिरविली आहे. राज्याच्या लेखनव्यवहाराचा प्रमुख अधिकारी रोगी कसा तपासावा या ग्रंथावर टीका लिहितो, ही गोष्ट देवगिरीच्या इतिहासांत एका तळटीपेपेक्षां अधिक जागा मागते.

त्याच काळीं विचारण्याची कला दुसऱ्या एका क्षेत्रांत मराठींत उतरली. म्हाइंभटानें श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा करितांना ज्याच्या त्याच्या मुखून आठवण घेतली, ती कोणत्या स्थानीं घडली तें नोंदलें, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. लीळाचरित्र हें त्याचें फळ. ज्यानें पाहिलें त्यासच विचारावें, त्याच्याच बोलींत ऐकावें, ठिकाण सोडूं नये, ही त्याची शिस्त आणि चरकाच्या प्रश्नांची शिस्त यांत नातें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोहोंचा स्वभाव एक आहे.

मग पुढें काय झालें? शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षा ठळकपणें येते. त्यापूर्वींच्या मोठ्या संहितांत तिला असें स्थान नाहीं. त्यानंतर महाराष्ट्रांत घरोघर चाललेला ग्रंथ योगरत्नाकर. त्यांत रोग्याचीं आठ स्थानें तपासावयास सांगितलीं आहेत : नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति. यादी नीट पाहावी. यांतील शब्द म्हणजे रोग्याचा आवाज. त्याचें सांगणें नव्हे. आठांपैकीं एकाहि स्थानास रोग्यानें उत्तर द्यावें लागत नाहीं. जन्म कोठला, वाढला कोठें, जेवतो काय, हें विचारण्याचें कलम या आठांत नाहीं. ग्रंथांत अन्यत्र पथ्यापथ्य, ऋतुचर्या आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण शिकाऊ वैद्यानें पाठ केली ती ही आठांची यादी. पुढें लोकांतहि अशी समजूत रुजली कीं, खरा वैद्य तो, जो मनगटावर बोटें ठेवून न विचारतां सर्व सांगतो. रोग्यास विचारणारा वैद्य कच्चा ठरूं लागला. आम्हांस ही मराठी वैद्यकाच्या इतिहासांतील मोठी हानि वाटते. नाडी खोटी असें आमचें म्हणणें नाहीं. पडद्यांतील स्त्रियांच्या बाबतींत वैद्यास तेवढाच आधार असे, हेंहि खरें. पण प्रश्न मागें पडला, आणि बाडांत पाठ तेवढे उरले.

भाषेंत मात्र जुनी समज टिकून राहिली. 'तिकडचें पाणी मानवलें नाहीं', 'पाणी बाधलें' असें आपण आजहि म्हणतों. तें देशसात्म्यच आहे. उलट 'प्रकृति' या शब्दाची वाट पाहा. संहितेंत प्रकृति म्हणजे माणसाचा जन्मजात घडण्याचा प्रकार. पेशवाईंतील पत्रव्यवहारांत प्रकृति म्हणजे तब्येत. १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊर येथें क्षयानें वारलेल्या थोरल्या माधवरावांच्या दुखण्याच्या बातम्या वाचणारास हा अर्थ परिचित आहे. 'प्रकृति कशी आहे' या प्रश्नानें आपण आज विकृति विचारतों. प्रकृति विचारणारा शब्दच आपल्या हातचा गेला.

आतां इस्लापूरकडे परत येऊं. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार गुण. रोग्याच्या गुणांत स्मृति, सांगितलेलें करणें, न भिणें, आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपलें दुखणें दुसऱ्यास कळवितां येणें. हा गुण एकट्या रोग्याचा मानणें हेंच मुळीं सीमाप्रदेशांत टिकत नाहीं. कोलामास आपलें दुखणें कोलामींत उत्तम सांगतां येतें. ऐकणारास कोलामी येत नसेल तर ज्ञापकत्व कोणाचें उणें? हैदराबादेस १८४६ सालीं वैद्यकशाळा निघाली तेव्हां पाश्चात्य वैद्यक तेथें उर्दूंतून शिकवीत. देशी भाषेंतून शिक्षण म्हणून तो प्रयोग स्तुत्य होता, यांत शंका नाहीं. युनानी हकिमांचीहि भाषा तीच, आणि त्यांच्या वैद्यकांत हवा, अन्नपाणी, हालचाल व विश्रांति, झोंप व जाग, मलाचा अवरोध व उत्सर्ग, मनाची स्थिति या सहा आवश्यक कारणांचा विचार असे. तो चरकाच्या यादीच्या फार जवळचा आहे. परंतु उर्दूंत शिकलेल्या डॉक्टरापुढें गोंड रोगी यावयाचा म्हणजे मध्यें मराठी जाणणारा एक दुभाषी लागणार, आणि अनेकदां तो गांवचा पटवारी किंवा सावकार. ज्याचें आपण देणें लागतों त्याच्यासमोर कोणता माणूस आपल्या घरचें खाणें, दारू, उपास, देवाचा कोप, बायकोचें बाळंतपण हें मोकळेपणें सांगेल?

१९४० सालीं आदिलाबाद जिल्ह्यांत जोडेघाट येथें कुमरम भीमू व त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारांत मारले गेले. या प्रकारानंतर सरकारनें गोंडांच्या असंतोषाचीं कारणें शोधण्याचें काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे दिलें. तो मार्लवाई येथें गोंडांमध्यें राहिला आणि त्यांच्या जमिनी कशा गेल्या हें त्यानें विचारून काढलें. १९४३ सालीं तेथें गोंड शिक्षकांसाठीं वर्ग निघाला. गोंडीचीं पाठ्यपुस्तकें नागरी लिपींत करण्यांत आलीं, कारण त्या बाजूच्या गोंडांस मराठीचा परिचय होता. हें काम वैद्यकाचें नव्हे. पण पद्धति पाहिली तर जन्म कोठें, वाढला कोठें, दुखणें कोठें लागलें, हेच तीन प्रश्न येथें एका सबंध जमातीस विचारले गेले, आणि तिच्या भाषेंत विचारले गेले. त्याच्याच लेखनावरून असें दिसतें कीं, गोंड लोक रानच्या व स्थळाच्या देवतांस तुष्ट करण्यासाठीं शेजारच्या कोलामांस बोलावीत. म्हणजे एका जमातीच्या आजारपणाची हकीकत दुसऱ्या जमातीच्या पुजाऱ्यापाशीं असावयाची. हें ज्यास ठाऊक नाहीं त्या डॉक्टरानें गोंडाच्या घरीं कितीहि प्रश्न केले तरी अर्धी हकीकत शेजारच्या कोलामगुड्यांतच राहणार.

याच काळीं आदिलाबादेकडे काम केलेले दुसरे गृहस्थ आपल्या वाचकांस चांगले परिचित आहेत. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यांतले, जन्म १९१०. फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मराठी वाचकांपुढें ठेवणारे म्हणून आपण त्यांस ओळखतों. हैदराबादच्या मुलकी नोकरींत असतां त्यांनीं गोंडांमध्यें काम केलें, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलें आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांचीं व्याकरणें केलीं. फारसी अखबार वाचणारा पंडित कोलामीचें व्याकरण कशास करितो, असें पूर्वीं आम्हांस वाटत असे. आतां वाटत नाहीं. अर्जदार काय म्हणतो हें दुभाष्याच्या तोंडून न ऐकतां स्वतः ऐकावें, एवढेंच त्यामागें असावें. मोगल दरबारचा अखबार मूळ फारसींत वाचल्याशिवाय मत देऊं नये, हा त्यांचा इतिहासांतील नियमहि तोच.

१९२७ सालीं अमेरिकेंतील फ्रान्सिस पीबॉडी या डॉक्टराचें रोग्याच्या शुश्रूषेवरील एक व्याख्यान छापून प्रसिद्ध झालें. तरुण डॉक्टरांस रोग पुष्कळ कळतो, रोगी कळत नाहीं, अशी त्यांत तक्रार होती. रुग्णालयांत आणलेला माणूस घरापासून, कामापासून, काळजीपासून तोडून पाहिला जातो, हें त्यानें दाखविलें. तें व्याख्यान अद्याप वैद्यकशाळांतून वाचलें जातें. आपल्याकडे चरकानें सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत रुग्णगृहाची जी सिद्धता सांगितली, तींत स्वयंपाकी, अंग चोळणारे, औषध कुटणारे यांच्याबरोबर गाणारे, कथा सांगणारे, इतिहास-पुराण जाणणारे, रोग्याच्या मनांतलें ओळखणारे, त्यास रुचणारे व देशकाल जाणणारे सोबती ठेवण्यास सांगितलें आहे. ही सिद्धता राजाची व धनिकाची, हें तेथेंच कबूल केलें आहे. इस्लापूरच्या कोलामास ती कोण देणार? तरी इतिहास जाणणाऱ्या माणसास रोग्याच्या उशापाशीं जागा आहे, हें वाचून या पत्राच्या वाचकांस थोडा संतोष व्हावा.

आतां एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं मराठवाड्यांतील एका जुन्या वैद्य घराण्यानें आपलें दप्तर पाहण्यास प्रस्तुत लेखकास दिलें होतें. त्यांत तीन चांगलीं बाडें होतीं. तीं उतरून घेतलीं. त्यांच्या पानांतून शेंकडों सुट्या चिठ्या होत्या, दोरा ओंवून बांधलेल्या. त्यांवर माणसाचें नांव, गांव, मूळचा गांव, कोणाबरोबर आला, किती दिवस झाले, काय खातो, असें बारीक मोडींत खरडलेलें असे. त्यांस इतिहासाचें मूल्य नाहीं, असा त्या वेळचा समज. मोडी वाचावयास वेळ लागेल म्हणून त्या जशाच्या तशा परत केल्या. दहा-बारा वर्षांनीं पुनः गेलों तेव्हां घर बदललें होतें आणि जुने कागद गोदावरींत सोडले होते. उतरून घेतलेल्या बाडांतील पाठ बहुतेक योगरत्नाकरांतलेच निघाले. छापील ग्रंथांत ते होतेच. जें कोठेंहि नव्हतें तें गेलें. त्या चिठ्यांवरून आतां कांहीं सिद्ध करितां येत नाहीं, आणि आम्ही करीतहि नाहीं. वैद्य प्रश्न विचारीत नसत, असें वर ग्रंथांच्या आधारें लिहिलें खरें. त्या चिठ्या हातांत असत्या तर कदाचित् तें विधान मागें घ्यावें लागलें असतें. निदान त्या एका घरांत तरी मूळचा गांव विचारला जात होता.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे ती एवढीच. वैद्यकाचें बाड मिळाल्यास प्रथम त्याची छायाचित्रें घ्यावीं, आणि तीं सुट्या कागदांसकट, ज्या पानांत जो कागद असेल त्याच पानांत ठेवून घ्यावीं. कागद वेगळे काढून क्रमवार लावूं नयेत. काढ्याच्या कोणत्या पाठाशेजारीं कोणाची चिठी होती, हाच येथें पुरावा आहे. समासांतील आंकडे सोडूं नयेत. बाड ज्या घरचें त्या घरांतील वृद्ध माणसांस, विशेषतः स्त्रियांस, विचारून ठेवावें कीं, रोगी कोणत्या गांवांहून येत, कोणती भाषा बोलत, आणि ती घरांत कोणास येत असे. इस्लापूर, किनवट, माहूर या बाजूस अद्याप कोणीं या दृष्टीनें फिरलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. जो जाईल त्यानें मोडीबरोबर थोडी गोंडीहि शिकून जावें. पगडींचें व्याकरण त्यास उपयोगी पडेल.